कॅमेऱ्याची बॅग आणि रत्नागिरीची हवा

‘बॅग’ हा काय लेखाचा विषय झाला, असं आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी मला विचारलं. उरलेल्या निम्म्यांनी विचारलं, "तू? आणि मराठीत?" कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे हा टोमणा मी पहिल्या वर्षापासून ऐकतेय, त्यामुळे तो सोडून देऊ. विषयाचं कारण असं, की दरवर्षी कॉलेजमध्ये आठ-दहा जणांकडे नवीन कॅमेरा येतो. नवीन म्हणजे बहुधा सेकंडहँडच, कोणा दादाचा किंवा मुंबईच्या बोरा बाजारातून आणलेला. मग फोटोग्राफी क्लबमध्ये हमखास प्रश्न येतो : "छोटीशी, रोज नेता येईल आणि दिसायलाही बरी, अशी बॅग कोणती घेऊ?" याची उत्तरं शोधायला गेलं तर जी मिळतात ती लंडन-कॅलिफोर्नियाच्या लोकांनी लिहिलेली. त्यांनी आपला जुलै पाहिलेला नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, समुद्र हाकेच्या अंतरावर आणि कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते! म्हणून हा प्रश्न रत्नागिरीत बसून सोडवायला हवा.

आधी ‘छोटी’ म्हणजे किती ते ठरवू. पट्टी घ्या आणि लेन्स लावलेला कॅमेरा मोजा. माझा कॅनन २००डी मार्क टू, १८-५५ची किट लेन्स लावून, साधारण १३ सेंमी रुंद, १० सेंमी उंच आणि १३ सेंमी खोल भरतो. कॅमेरा ४४९ ग्रॅम, लेन्स २१५ ग्रॅम. त्यात ५० एमएमची छोटी लेन्स घातली की आणखी १६० ग्रॅम. म्हणजे सगळं मिळून सव्वाआठशे ग्रॅमच्या आसपास. एवढ्यासाठी पाच-सहा लिटरची बॅग भरपूर होते. दुकानदार दहा लिटरची दाखवेल आणि म्हणेल, "ताई, उद्या मोठी लेन्स घेतलीत तर?" उद्याचं उद्या. मोठ्या बॅगेत उरलेल्या जागेत आपण काय टाकतो? डबा, पाण्याची बाटली आणि ओली छत्री. ही ओली छत्री लक्षात ठेवा, तिचा हिशेब पुढे येणार आहे.

आता ‘दिसायला बरी’. गंमत म्हणजे जगातल्या ज्या कॅमेरा बॅगा स्टायलिश समजल्या जातात त्यांतल्या बऱ्याच मुळात स्टाईलसाठी केलेल्या नव्हत्या. इंग्लंडची बिलिंगहॅम कंपनी १९७३ साली सुरू झाली ती मासे पकडणाऱ्यांच्या बॅगा करायला. फोटोग्राफरना त्या आवडल्या आणि कंपनी कॅमेऱ्याकडे वळली. (मिरकरवाड्याच्या लोकांनी यावर विचार करायला हरकत नाही.) अमेरिकेत जिम डोम्के हे ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ या वृत्तपत्राचे फोटोग्राफर. त्यांनी १९७०च्या दशकात स्वतःच्या कामासाठी कॅनव्हासची मऊ, खांद्याला चिकटून राहणारी बॅग केली. आणि आपल्याकडे? आपल्याकडे शबनम! सत्तर-ऐंशीच्या दशकातले पत्रकार, कार्यकर्ते, कवी सगळे खांद्याला शबनम अडकवून फिरायचे. आतमध्ये पुस्तकं आहेत, पत्रकं आहेत की कॅमेरा, बाहेरून कळत नसे. रोजच्या बॅगेचा हाच मोठा गुण आहे. पॅसेंजर गाडीच्या गर्दीत ‘मी कॅमेरा आहे’ असं ओरडणारी, कंपनीचं नाव मोठ्ठ्या अक्षरांत मिरवणारी बॅग मला तरी नको.

मग शबनम किंवा कॅनव्हासची झोळी घेऊन आत फोमचा एक कप्पा टाकला की झालं, नाही का? मुंबई-पुण्याकडचे कितीतरी जण हेच करतात आणि दिसतंही छान. इथेच मात्र थांबून थोडं गणित करायला हवं.

माझ्या काकांकडे फिल्मचा एसएलआर होता. काका अत्यंत व्यवस्थित माणूस. बाहेरून आल्यावर कॅमेरा पुसणार, जाड कॅनव्हासच्या बॅगेत ठेवणार, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या, चेन बंद आणि बॅग लोखंडी कपाटात. डिजिटल आल्यावर ती बॅग तशीच राहिली, सात-आठ पावसाळे. त्यातली एक लेन्स, "इंजिनिअरिंगला लागलीस की तुझी" असं सांगून त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती. अॅडमिशन झाल्यावर बॅग उघडली तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. फंगस! दुरुस्तीवाल्याने लेन्स खोलून साफ केली, पण बुरशीतून निघणाऱ्या आम्लाने काचेवरचं कोटिंग खाल्लं होतं. ते परत येत नाही. उजेडासमोर फोटो काढला की सगळं दुधाळ दिसतं. काका काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मला आवडला नाही.

एवढी काळजी घेऊनही हे का झालं? बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. त्यांना वाढायला अंधार, न हलणारी हवा, थोडी धूळ किंवा बोटांचा तेलकटपणा आणि दमटपणा लागतो. सापेक्ष आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की त्यांचं फावतं. आपल्याकडे पावसाळ्यात ती सहज ८५च्या पुढे असते. ‘पण बॅग बंद होती ना, आणि आत सिलिका जेल होतं!’ बरोबर. आता पाणी मोजू.

३० अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. म्हणजे सहा लिटरच्या बॅगेतल्या हवेत ०.१८ ग्रॅम. किरकोळ! पाच ग्रॅम सिलिका जेलची पुडी फार तर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं, म्हणजे दीड ग्रॅम पाणी शोषते. हवेचा प्रश्न सुटला. पण बॅगेच्या कापडाचं काय? टेक्स्टाइलवाले ‘मॉइश्चर रिगेन’ नावाचा आकडा वापरतात. ६५ टक्के आर्द्रतेत कोरड्या धाग्याच्या वजनाच्या किती टक्के पाणी त्यात मुरतं, तो हा आकडा. कापसाचा ८.५, नायलॉनचा ४च्या आसपास आणि पॉलिएस्टरचा फक्त ०.४! म्हणजे ६०० ग्रॅम सुती कॅनव्हास हाताला कोरडा लागत असतानासुद्धा त्यात ५१ ग्रॅम पाणी असतं, आणि जुलैच्या हवेत त्याहून जास्त. समोर तुमच्या दोन पुड्यांची कुवत तीन ग्रॅम. पुडी एका रात्रीत भरून जाते आणि नंतर सात वर्षं नुसती सोबत करते. त्यात ओली छत्री ठेवली असेल तर हिशेब करायलाच नको. तेवढ्याच वजनाच्या पॉलिएस्टरमध्ये पाणी किती? २.४ ग्रॅम.

तर रत्नागिरीसाठी माझा पहिला निर्णय : बाहेरचं कापड पॉलिएस्टर, नाहीतर नायलॉन. कॅनव्हाससारखं दिसणारं पॉलिएस्टर आता सर्रास मिळतं, तेव्हा स्टाईलही जात नाही. लेबलवर ६००डी, १०००डी असं लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनियर, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ६०० रोजच्याला पुरे. दुसरा निर्णय : रेक्झिन किंवा ‘पीयू लेदर’ नको, कितीही झकास दिसलं तरी. बऱ्याच प्रकारच्या पॉलियुरेथेनची दमट हवेत पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन साखळ्या तुटतात, त्याला हायड्रोलिसिस म्हणतात. न वापरलेल्या बुटांचे सोल दोन पावसाळ्यांनंतर भुगा होऊन पडतात ते यामुळेच. बॅगेच्या आतल्या वॉटरप्रूफ थरातही बहुतेक वेळा पीयूच असतं, म्हणून घेताना आतून अंगठा घासून बघा. चिकट लागलं किंवा पापुद्रे हाताला आले तर माल जुना आहे. खरं चामडं छान, पण त्याला दर आठवड्याला पुसत बसायची तयारी हवी. पूर्वी अॅग्फा क्लिक थ्रीबरोबर चामड्याचं कव्हर असायचं, तुमच्या आजोबांकडे असेल तर वास घेऊन बघा!

आता फोम. इथे आपल्या आंबेवाल्यांकडून शिकण्यासारखं आहे. लाकडी पेटीत पेंढा घालून आंबे असे बसवतात, की आंबा आंब्याला घासत नाही आणि फळ्यांच्या फटीतून वारा खेळतो. बॅगेतही नेमकं हेच पाहिजे. बाकावरून, म्हणजे ७५ सेंमीवरून बॅग पडली आणि फोम १ सेंमी दबून थांबली, तर कॅमेऱ्याला साधारण ७५ जीचा धक्का बसतो. फोम ५ मि.मी.च दबला तर १५० जी. फोम पूर्ण जाडीइतका कधीच दबत नाही, त्यामुळे तळाला दीड सेंमी तरी हवा. बाजूंना एक सेंमी चालतो. फोम ईव्हीएसारखा बंद छिद्रांचा असावा. गादीतला स्पंजी फोम पाणी पितो. तयार बॅगेत तळ पातळ निघाला तर रिक्षाचे हूड आणि सीट शिवणाऱ्यांकडे जा. ते मापाचा तुकडा कापून, कापड चढवून देतात.

बंद करायची पद्धत हा भाग लोक सोडूनच देतात. वेल्क्रो नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कातळशिल्पं बघायला सड्यावर गेलात तर परत येताना वेल्क्रोत मूठभर कुसळं घेऊन याल. (उक्षी, जांभरुण, कशेळी बघितली नसतील तर जरूर बघा, २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत.) शिवाय लायब्ररीत वेल्क्रो उघडला की सगळे वळून बघतात. लोहचुंबकाचं बटण दिसायला एकदम स्मार्ट, पण आपल्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट, मॅग्नेटाइट आहे. बॅग वाळूवर टेकवली की बटणाला काळी दाढी येते आणि तेच कण लेन्सच्या रिंगमध्ये जातात. साधी नायलॉनची चेन उत्तम. रनर धातूचा असतो, तो खाऱ्या हवेने जाम होतो. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसून मेणबत्ती फिरवली की बास. वरून झाकण असलं तर आणखी चांगलं.

पावसासाठी पूर्ण सीलबंद बॅग घ्यावी का? माझं मत नाही. शेतातलं इरलं आठवा : वरून झाकलेलं, खालून मोकळं. पाऊस बाहेर आणि घामाची वाफही बाहेर. बॅगेवर वेगळं रेनकव्हर घालावं, आडोशाला आलं की काढावं. ओलं कव्हर परत आतल्या कप्प्यात कोंबू नये, बाहेर लटकवावं. पट्टा चार सेंमी रुंद असला की एक-सव्वा किलो दिवसभर जाणवत नाही. रंगाबद्दल एकच : जांभ्याची लाल माती पांढऱ्या-क्रीम बॅगेवर दोन दिवसांत बसते आणि निघत नाही. मी मातकट तपकिरी घेतली. मैत्रिणी म्हणाल्या, "किती डल!" डल तर डल, सहा महिने तशीच दिसतेय.

एक गोष्ट अशी, की जिथे बॅग बंद ठेवणंच शहाणपणाचं असतं. एसी असलेल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये २२ अंशाला कॅमेरा तासभर राहिला आणि बाहेर ३० अंश, ८० टक्के आर्द्रता असेल, तर बाहेरच्या हवेचा दवबिंदू साधारण २६ अंशांवर असतो. गार काच बाहेर काढली की क्षणात तिच्यावर पाणी जमतं. त्यासाठी बाहेर पडायच्या आधी चेन लावा आणि अर्धा तास उघडू नका. फोम इथे थर्मासचं काम करतो.

आणि घरी आल्यावर? कॅमेरा बॅगेतून बाहेर. बॅग नेण्यासाठी, ठेवण्यासाठी नाही. काकांचं गणित चुकलं ते इथेच, आणि बाजारातली सर्वात महाग बॅगसुद्धा ते सुधारू शकली नसती. बॅग चेन उघडून पंख्याखाली टांगायची आणि कॅमेरा-लेन्स स्वयंपाकघरातल्या रबरी कडेच्या हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात. डब्याचं प्लास्टिक पाणी धरत नाही, म्हणून तिथे सिलिका जेलला खरंच जिंकता येतं. दहा लिटरच्या डब्याला मी १०० ग्रॅम घालते. रंग बदलणारं जेल घ्या, पण निळं नको. त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. केशरी घ्या. ते हिरवट झालं की ११०-१२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतं, मात्र त्यासाठीचं भांडं वेगळं ठेवा, आईच्या कढईला हात लावू नका.

डब्यात एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर टाका. स्वस्तातला असेल तर तो खरं बोलतो का ते तपासायची पद्धत आपल्या लॅबलाही शोभेल अशी आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाणी घालून चिखलासारखं करा, आणि मीटरसोबत एका पिशवीत घट्ट बंद करून ठेवा. आठ-दहा तासांनी आतली आर्द्रता बरोबर ७५ टक्क्यांवर येते. मीटर ७९ दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वेळी चार वजा करायचे. माझा ७९च दाखवतो. डब्यात ४० ते ५० च्या दरम्यान ठेवायचं. ऑगस्टमध्ये हॉस्टेलच्या खोलीत ९१ होते तेव्हा डब्यात ४८ होते, म्हणजे खरे ८७ आणि ४४. काका गणपतीला आले होते, त्यांनी हा डबा दोनदा उघडून बघितला आणि जाताना केशरी जेलची अर्धा किलोची पिशवी कुठे मिळते ते विचारून गेले.