लाखोळी आणि पायांचा ताठरपणा

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत धानाच्या उभ्या पिकात, बांधीची ओल हटण्यापूर्वी, लाखोळी फेकून पेरण्याची उतेरा पद्धत आहे. ती नांगरट मागत नाही, पाणी मागत नाही. इतर पिके बुडाली तरी तग धरते. या गुणातच तिचा धोका आहे. कारण दुष्काळी वर्षी गरिबाच्या ताटात तीच एकटी उरते.

सागर प्रांती १८२९ पासून गव्हाची पिके बुडाली. लोक लाखोळीवर जगले आणि पुढे धडधाकट तरुणांचे पाय निकामी झाले, असे स्लीमन यांनी १८४४ साली लिहून ठेविले आहे. हिच्या दाण्यातील विषारी द्रव्य, ओडॅप, १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी वेगळे केले. ते पाठीच्या कण्यातील, पाय चालविणाऱ्या मज्जातंतूंना इजा करिते. आहाराचा मोठा भाग काही महिने लाखोळीचाच असला म्हणजे रोग उद्भवतो. अधूनमधून थोडी खाल्ल्याने सहसा नाही.

लक्षणे ध्यानात ठेवावीत. प्रथम पोटऱ्यांत गोळे येतात, पाय जड होतात. पुढे गुडघे ताठ होऊन टाचा भुईस टेकत नाहीत; चालताना पाय एकमेकांत अडकतात. मग एक काठी, नंतर दोन काठ्या, आणि शेवटी रांगणे. मात्र स्पर्श कळतो, वाचा व बुद्धी शाबूत राहते. याउलट एकाएकी तोंड वाकडे झाले, अथवा एकाच बाजूचा हातपाय लुळा पडला, तर तो पक्षाघात समजून रोग्यास तत्काळ इस्पितळात न्यावे.

लाखोळीने गेलेले बळ औषधाने परत येत नाही. म्हणून पहिला गोळा येताच ती बंद करावी व वैद्यकीय तपासणी करावी. डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे. विष कमी होते, पण सर्वस्वी जात नाही. पेरणीस रतन, प्रतीक यांसारख्या अल्पविषारी जातींचे खात्रीचे बियाणे घ्यावे.

महाराष्ट्रात लाखोळीची विक्रीबंदी २००८ साली उठली. परंतु बंदी उठल्याने दाण्याचा धर्म पालटत नाही. धान्यरूपाने मजुरी देणाऱ्या जमीनधारकाने केवळ लाखोळी मोजून देऊ नये, तीत तांदूळ वा ज्वारी असावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. ज्याच्या पायांवर आपली रोवणी व कापणी उभी, त्याचे पाय राखणे हे आपलेच काम आहे.