जुनी मोटार आणि नवी पोरं

सास्तुरात एखादी जुनी मोटार दिसली, की आम्ही म्हातारे थांबतो. पोरं पुढं जातात. दोष पोरांचा नाही. आपणच म्हणतो, "हात लावू नका!" मग गोडी लागावी कशी?

आधी गोष्ट सांगावी. शेठ वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे. त्यांनी 1944 साली प्रीमियर कंपनी काढली. तिच्या मुंबईच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात इटलीच्या फियाट मोटारी तयार होत. तीच मोटार पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. 2023 साली शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची 20 वर्षांची मुदत भरली.

मग बॉनेट उघडून दाखवावं. नव्या गाडीत पुष्कळ काम संगणक करतो. ते डोळ्यांना दिसत नाही. जुनीत कार्बोरेटर दिसतो. तिथं पेट्रोल आणि हवा मिसळते. ठिणगीनं ती पेटते, दट्ट्या खाली जातो, चाक फिरतं. शेतातल्या इंजिनातही दट्ट्या असतोच की!

50 वर्षांवरची मोटार मूळ रूपात जपली, तर 2021 च्या नियमानं तिची वेगळी नोंद होते. फी 20,000 रुपये. आहे खरी जास्त! रोजच्या वापराला मात्र ती काढता येत नाही.

जुन्या जीपला हँडल मारायलाही शिकवावं. गिअर काढावा, हातब्रेक ओढावा. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, मूठ वळू नये. इंजिन उलटा झटका देतं. तरुणपणी आम्ही हे ऐकलं नाही. महिनाभर हात झोळीत होता! पण पोरानं स्वतः हँडल मारलं आणि इंजिन धडधडलं, की ते जेवायलासुद्धा लवकर येत नाही.