छोट्या मंडळीचा कारभार: काही अनुभवाचे बोल

वाळवा तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावात आमचं कौलारू चर्च आहे. ख्रिस्ती घरं मोजकी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि मंडळीचं चिटणीसपद माझ्याकडे आलं. ‘बाई, तुमचे अक्षर चांगले आहे’ एवढीच पात्रता पंच कमिटीने पाहिली होती. पुण्या-मुंबईचे पाहुणे नाताळाला येतात आणि विचारतात, एवढ्या थोड्या माणसांत चर्च चालतं कसं? माझं उत्तर असं की गावाने आपलं म्हटलं तर चालतं, आणि गाव आपलं म्हणतं ते आपल्या कामाकडे बघून. त्यातून जे शिकले ते लिहिते.

1. उपासनेची वेळ उसाला विचारून ठरवावी.
दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचं गळीत सुरू झालं की आमची निम्मी कर्ती माणसं अडकतात. कोणी कारखान्यात पाळीवर, कोणी ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर, कोणाच्या शेतात तोड आलेली. तोड रविवार बघत नाही. म्हणून हंगामात उपासना संध्याकाळी आणि कारखान्याचा पट्टा पडला की पुन्हा सकाळी. पहिल्या वर्षी एका आजोबांना हे पटलं नाही. संध्याकाळी बाक भरलेले पाहिले आणि पुढच्या वर्षी वेळ बदलायची आठवण त्यांनीच केली.

2. सुगीच्या सणाचा लिलाव दारात करावा, आत नव्हे.
हा सण आपल्याकडे मिशनऱ्यांनी आणला. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो या खेड्याचे पाळक रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी 1843 मध्ये चर्चमध्ये सुगीच्या आभाराची खास उपासना घेतली आणि तिथून ती प्रथा गावोगावी पसरली. तिथे गव्हाच्या पेंढ्या आणि सफरचंदं मांडतात. आमच्याकडे वेदीपुढे हळदीचे गड्डे, गुळाची ढेप, शाळूची कणसं, भोपळे, अंडी आणि पाय बांधलेली एक कोंबडी असते. तासगावात दिलेली लेक बेदाणे पाठवते. प्रार्थना झाली की लिलाव.

पूर्वी लिलाव आत व्हायचा आणि आम्हीच आमच्या वस्तू विकत घ्यायचो. मग तो बाहेर लिंबाखाली घ्यायला लागलो. शेजारच्या गल्लीतली माणसं बोली बोलायला लागली. एखादा दोडका कोणी शंभराला घेतो आणि परत टोपलीत टाकतो, की पुन्हा त्याचाच लिलाव. दूध डेअरीचे चेअरमन आणि माजी सरपंच यांच्यात कोंबडीवरून जी चुरस लागते तिच्यावर आमच्या छपराची निम्मी कौलं आलेली आहेत. पैशापेक्षा मोठी गोष्ट अशी की वर्षातून एकदा सारं गाव चर्चच्या अंगणात हसतं.

3. पेटीबरोबर टाळ-मृदंग हवाच.
इंग्रजी चालींची गीतं आम्ही म्हणतो आणि ती आम्हाला आवडतात. पण रस्त्यावरून जाणारा माणूस थांबतो तो नारायण वामन टिळकांच्या भजनाला. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणली. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांचा तो बंधुसंघ. दोन वर्षांतच ते गेले आणि दरबार पुढे वाढला नाही, पण साताऱ्यापासून इथपर्यंत आमच्या मंडळ्यांच्या गळ्यात त्यांची भजनं राहिली.

आमचा मृदंग वाजवणारे अण्णा वारकरी आहेत. आषाढात ते पंढरीला जातात, तेवढे दोन-तीन रविवार आम्ही टाळांवर भागवतो. आमच्या पोरांना ठेका त्यांनीच शिकवला.

4. पाळकांची वाट बघत बसू नये.
आमच्या पाळकसाहेबांकडे पाच-सहा गावं आहेत. प्रभुभोजन महिन्यातून एकदा, तेही मोटारसायकल चालू झाली तर. इंग्लंडमधल्या खेड्यांतही आता एकेका पाळकाकडे अनेक चर्च असतात, म्हणजे हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. बाकीचे रविवार गावातल्यांनी सांभाळायचे. वचन वाचणारा एक, प्रार्थना करणारी दुसरी, शब्बाथ शाळा घेणारी तिसरी. काम वाटून दिलं की माणूस उपासनेला येतोच, कारण त्याच्यावाचून अडणार असतं.

5. आजाऱ्याबरोबर मिरजेला जाणारं माणूस आधी ठरवावं.
आमच्या भागाला ख्रिस्ती माणसं ठाऊक झाली ती मिरजेच्या मिशन दवाखान्यामुळे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं ते रुग्णालय सुरू केलं. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. माझी आई तिथे नर्स होती. ती सांगायची, बैलगाडीतून आलेला पेशंट जात-धर्म काही विचारायचा नाही, ‘डॉक्टर हाय का’ एवढंच विचारायचा.

आज दवाखाने खूप झाले, तरी मिरजेला जायचं म्हटलं की खेड्यातला माणूस गांगरतो. केसपेपर कुठे काढायचा, रक्त कुठून आणायचं, रात्री व्हरांड्यात कोण थांबणार? आमच्या तरुण संघाने थांबणाऱ्यांची पाळी लावून ठेवली आहे. ती गावातल्या कोणासाठीही असते. दोन वर्षांपूर्वी सासूच्या मोडलेल्या खुब्यासाठी ज्या घराने ती घेतली, त्याच घराने पुढे आमच्या दफनभूमीच्या वाटेसाठी बांध सोडला. मागायला गेलो नव्हतो.

6. कागदावरचा धर्म विचारू नये.
1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये तो शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्याला अजून नाही. त्यामुळे एखाद्या घरात आजीचं दफन प्रार्थनेने झालेलं असतं आणि नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर वेगळं लिहिलेलं असतं. मागच्या बाकावर बसणाऱ्या काही जणांची नावं आमच्या नोंदवहीत नाहीत. नाव घालायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. चिटणिसाने नोंद खरी ठेवावी आणि तोंड बंद ठेवावं. वहीत नसलेल्यांनाही सतरंजीवर जागा असते. टिळकांचा दरबार माझ्या लेखी इथे पुढे चालू आहे.

7. हिशोब फळ्यावर लिहावा.
दानाची पेटी उघडताना तिघं हजर हवीत आणि रक्कम त्याच दिवशी खडूने फळ्यावर गेली पाहिजे. वर्षाअखेरीस लेखापरीक्षण करून घ्यावं. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करावा. हे कंटाळवाणं आहे, पण मंडळ्या मोडतात त्या अशाच कागदांवरून. धर्मशास्त्रावरून भांडण झालेलं मी आमच्याकडे पाहिलं नाही. जमिनीवरून, भाड्यावरून आणि गहाळ पावतीपुस्तकावरून झालेली भाऊबंदकी मात्र आजूबाजूला पुष्कळ पाहिली. सातबारा, कर भरल्याच्या पावत्या आणि जुनी खतं एका पत्र्याच्या पेटीत, छायाप्रती दुसऱ्या घरी.

8. दफनभूमी मृगाआधी बघून यावी.
काळी माती पावसात खणता येत नाही. खड्ड्याच्या कडा ढासळतात आणि पाणी साचतं. म्हणून मे महिन्यातच वाट साफ करायची, झुडपं तोडायची, टिकाव-फावडी आणि दोर चर्चमध्ये ठेवायचे. मयत झाल्यावर धावाधाव करणाऱ्या घराला निदान एवढं तरी तयार मिळावं.

9. पुरात चर्च म्हणजे एक कोरडी खोली.
ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. आमचं चर्च उंचवट्यावर, म्हणून आत माणसं आणि अंगणात जनावरं. तांदूळ मशिदीतून आला, सतरंज्या हायस्कूलमधून, गॅसची टाकी डेअरीतून. महिला मंडळाने चूल सांभाळली. रोज संध्याकाळी आम्ही एक छोटी प्रार्थना करायचो, ज्याला बसायचं तो बसे. पाणी ओसरल्यावर कोणीतरी मदतीचा फलक लावू म्हणालं. कमिटीने नको म्हटलं, आणि ते बरं झालं. फलकावर आमचंच नाव मोठं झालं असतं आणि बाकीच्यांचं राहिलं असतं.

10. पुण्याला गेलेल्या पोरांना पैसे नव्हे, तारखा मागाव्यात.
वर्गणी ती ऑनलाइन पाठवतात. पण कॅरल म्हणत घरोघर फिरायला गळे लागतात. डिसेंबर उजाडायच्या आत फोन करून कोण कुठल्या रात्री येणार ते ठरवून घ्यावं. फेरी नुसती ख्रिस्ती घरांपुढे काढू नये. आमची पहिली थांबते अण्णांच्या अंगणात आणि तिथे मृदंग तयार असतो.

11. चावी दोन घरी ठेवावी.
एक चिटणिसाकडे, दुसरी शेजाऱ्याकडे, तो ख्रिस्ती नसला तरी. आमची दुसरी चावी समोरच्या किराणा दुकानात खिळ्याला टांगलेली असते. पुराच्या रात्री दार उघडलं होतं ते त्याच चावीने. मी तेव्हा मुलाकडे पुण्याला होते.