कांदा नासण्यापूर्वीं

मोंढ्यांत भाव पडला कीं कांदा चाळींतच सडतो व घरादाराचे श्रम फुकट जातात. छत्रपति संभाजीनगर भागांत एस-फोर-एस कंपनीनें गांवच्या स्त्रियांपर्यंत सूर्याच्या उष्णतेनें चालणारीं बंदिस्त वाळवणयंत्रें पोहोंचविलीं. तिला २०२३ सालीं अर्थशॉट पारितोषिक मिळालें. यांतून आपण काय शिकावें? नासका कांदा आधीं वेगळा काढावा. चांगला सोलून, धुऊन सारख्या जाडीचा चिरावा. धूळ-माशी न लागतां कुरकुरीत होईपर्यंत वाळवावा व थंड झाल्यावर कोरड्या, घट्ट झांकणाच्या डब्यांत भरावा. पाणी निघून गेलें म्हणजे तो महिनोन्‌महिने टिकतो. ओलसर राहिल्यास बुरशी धरतो. मात्र गिऱ्हाईक ठरल्यावांचून यंत्रासाठीं कर्ज काढूं नये, अशी आमची विनंति आहे. प्रथम थोडेंच करावें, पण चोख करावें.