सेवेचा आठवडा : एका वडील मिशनरी दांपत्यावरून धडा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १८ : १–४ आणि १८–२८, रोम. १६ : ३–५, १ करिंथ. १६ : १९.

धड्याचा हेतू : ख्रिस्ती जोडप्याने आठवड्याचे सातही दिवस प्रभूस कसे द्यावे, आणि घरापासून दूर असताना मंडळी कशी जिवंत ठेवावी, हे शिकणे.

आपल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत एक समजूत खोल रुजलेली आहे. ती ही की, देवाची सेवा म्हणजे रविवारची उपासना, आणि सेवक म्हणजे ती उपासना चालविणारा पाळक. उरलेले सहा दिवस शेताचे, मजुरीचे व बाजाराचे. एका पाळकाकडे अनेक गावे असली म्हणजे रविवारही सर्वांच्या वाट्यास येत नाही, मग महिनाच्या महिना मंदिराचे दार बंद राहते आणि लोक म्हणतात, “पाळकसाहेब आले नाहीत, म्हणून उपासना झाली नाही.” ही समजूत शास्त्रास धरून आहे काय, हे आज एका शास्त्रातील व एका आपल्या प्रांतातील दांपत्याच्या उदाहरणावरून पाहावयाचे आहे.

१. शास्त्रातील दांपत्य

अक्विल्ला हा मूळचा पंत प्रांतातील यहूदी. तो व त्याची पत्नी प्रिस्किल्ला रोम शहरी राहत असता क्लौद्य कैसराने यहूद्यांस शहर सोडण्याचा हुकूम केला. तेव्हा ती दोघे करिंथ येथे आली. त्यांचा धंदा तंबू करण्याचा होता. पौलाचाही तोच धंदा, म्हणून तो त्यांच्या घरी उतरला व तिघे एकत्र काम करू लागली. पुढे ती दोघे पौलाबरोबर इफिसास गेली. तेथे अपुल्लोस नावाचा विद्वान वक्ता सभास्थानात बोलत असता त्याचे ज्ञान अपुरे आहे असे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी चारचौघांत त्याचा पाणउतारा केला नाही. त्यास आपल्याकडे घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला.

येथे तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या. पहिली, ती दोघे आपल्या खुशीने परदेशी गेली नव्हती. राजाज्ञेने व पोटासाठी गेली होती. तरी जेथे गेली तेथे मंडळी त्यांच्या घरी जमू लागली. दुसरी, त्यांस कोणी पगार देऊन नेमले नव्हते. तिसरी, नव्या करारात त्यांची नावे सहा ठिकाणी आली आहेत आणि सर्व ठिकाणी ती जोडीनेच आली आहेत. काही ठिकाणी तर पत्नीचे नाव आधी आहे. सेवा दोघांची होती. एकाची सेवा व दुसरीची केवळ सोबत, असे नव्हते.

२. आपल्या प्रांतातील दांपत्य

छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, अहिल्यानगरास जाणारा मार्ग कायगाव टोके येथे गोदावरी ओलांडतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी ही नदी सरहद्द होती. अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे इंग्रजांचे. अलीकडच्या बाजूस औरंगाबाद शहरी चर्च मिशनरी सोसायटीचे काम रेव्ह. रतनजी नौरोजी या पारशी समाजातून आलेल्या भारतीय पाळकांनी पुष्कळ वर्षे चालविले, जालन्याकडे रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. नदीपलीकडे नेवासे तालुक्यातील वडाळा हे अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. तेथील मिशनरी रेव्ह. सॅम्युएल फेअरबँक हे १८४६ साली या देशात आले व १८९८ साली निवर्तले. त्यांची कन्या केट हिचा विवाह १८८७ साली अहमदनगरचे मिशनरी रेव्ह. रॉबर्ट अॅलन ह्यूम यांच्याशी झाला.

ह्यूमसाहेबांचा जन्म १८४७ साली मुंबईत एका मिशनरी कुटुंबातच झाला. १८५४ साली स्वदेशी परत जाताना वडील समुद्रावर वारले आणि आईने मुलांस अमेरिकेत वाढविले. शिक्षण पुरे करून १८७४ साली ते पुन्हा या देशी आले. १८७८ साली त्यांनी अहमदनगर येथे भारतीय पाळक तयार करण्यासाठी ईश्वरविद्येची शाळा सुरू केली, पुढे रेव्ह. नारायण वामन टिळक यांनीही त्या शाळेत शिकविले. ह्यूमसाहेबांची पहिली पत्नी अॅबी १८८१ साली मरण पावली. त्यानंतर केटबाई त्यांच्या संसारात व सेवेत आल्या. १८९९–१९०० च्या मोठ्या दुष्काळात अमेरिकेतून आलेल्या मदतीच्या वाटपाचा मोठा भार ह्यूमसाहेबांनी वाहिला व त्याबद्दल सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. १९२४ साली उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी स्थापन झाली तेव्हा ते तिचे पहिले मॉडरेटर झाले. १९२६ साली, बावन्न वर्षांच्या सेवेनंतर, ते निवृत्त झाले आणि १९२९ साली अमेरिकेत प्रभूमध्ये झोपी गेले.

३. त्यांचा आठवडा

सनावळ्या वाचून सेवेचे स्वरूप कळत नाही. ते आठवड्यावरून कळते. त्या काळी मिशन बंगल्यातील आठवडा साधारणतः येणेप्रमाणे असे.

रविवारी सकाळी शब्बाथ शाळा व उपासना, आणि दुपारी गावकुसाबाहेरील वस्तीत दुसरी सभा. सोमवारी हिशेब व पत्रे : खेड्यांतील शाळामास्तरांचे पगार, गळक्या शाळेची डागडुजी, परदेशच्या देणगीदारांस अहवाल. मधले दिवस वर्गात शिकविण्याचे. बाजाराच्या दिवशी भाषण, भजन व पुस्तकविक्री. मधूनच दोन भावांच्या बांधाचा तंटा, सासरहून परत आलेली मुलगी, सावकाराचा कागद वाचून घेण्यास आलेला कुळवाडी. थंडीच्या दिवसांत तंबू, कंदील व पेट्या बैलगाडीवर घालून गावोगाव फिरती.

त्याच आठवड्याची दुसरी बाजू बाईंची. वसतिगृहातील मुलींसाठी ज्वारी व कापड मोजून घेणे; घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखविणाऱ्या बायांस शिकविणे; सकाळी ओसरीवर बसलेल्या आजाऱ्यांस हिवतापाची पूड व डोळ्यांचे औषध देणे; बाळंतिणीची चौकशी; आणि वेळी-अवेळी येणाऱ्या पाहुण्यांचे जेवण. वार्षिक अहवालात साहेबांच्या कामाचे चार परिच्छेद असत व बाईंच्या कामाची एखादी ओळ. परंतु ज्या घरांत पुरुष मिशनऱ्यास उंबरठ्याच्या आत पाऊल ठेवता येत नसे, त्या घरांत सुवार्ता गेली ती या ओळीतूनच गेली.

४. त्या आठवड्याचे मोल आणि त्याची उणीव

या सेवेची किंमत मोठी होती. मुले शिक्षणासाठी समुद्रापार पाठवावी लागत व आईबापांस वर्षानुवर्षे दिसत नसत. पतीमागे पत्नी, पत्नीमागे मूल, असे कित्येक या मातीत पुरले गेले. म्हणून त्यांच्याविषयी कृतज्ञ असणे हे आपले कर्तव्य आहे.

परंतु कृतज्ञतेने डोळे मिटू नयेत. बंगल्यातील आठवडा इतका भरलेला असे की मंडळीचा आठवडा रिकामा राहू लागला. मास्तराचा पगार बंगल्याकडून, मंदिराची कौले बंगल्याकडून, तंट्याचा निकाल बंगल्याकडून; मग मंडळीने काय करावे? तिने बंगल्याकडे पाहावे. हा धोका आपल्याच लोकांनी ओळखला होता. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला, तो ख्रिस्ताची सेवा या देशाच्या मातीतून उगवावी म्हणून. आणि ह्यूमसाहेबांच्या कार्यातही ओसरीवरील दवापाण्यापेक्षा जे अधिक टिकले, ते भारतीय पाळकांस शिकविण्याचे काम होय. ज्याने आपल्यानंतर सेवा करणारी माणसे तयार केली, त्याचा आठवडा त्याच्या मरणानेही संपला नाही. अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांनी अपुल्लोसास शिकविले, ते असेच.

गोदावरी आता सरहद्द राहिली नाही. १९४८ साली निजामाचे राज्य गेले. परदेशी मिशनरी हळूहळू कमी झाले. १९७० साली नागपूर येथे उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली आणि संयुक्त मंडळी तीत सामील झाली. बंगल्यातून हाक येण्याचे दिवस गेले. तरी कित्येक मंडळ्या अजून त्या दिशेस तोंड करून बसल्या आहेत. फक्त साहेबांच्या जागी त्यांनी पाळकास बसविले आहे.

५. आमच्या मंडळ्यांतील अक्विल्ला व प्रिस्किल्ला

आता आपल्याकडे पाहू. दसरा उलटला म्हणजे मराठवाड्यातील कित्येक गावे ओस पडू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे बैलगाडी, ट्रक किंवा ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे ऊस तोडावयास जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. त्या कामात माणसे मोजीत नाहीत, कोयते मोजतात. आणि एक कोयता म्हणजे नवरा व बायको मिळून दोघे. त्यांत आपल्या मंडळ्यांतील जोडपीही असतात. नाताळाची उपासना गावी होते तेव्हा ती उसाच्या फडात असतात, आणि हजेरीच्या वहीत त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ असे लिहिले जाते.

वाचकहो, या शब्दाचा विचार करा. पोटासाठी परमुलखी गेलेले, तंबूसारख्या कोपीत राहणारे, जोडीने राबणारे पतिपत्नी. शास्त्रात अशांच्या घरी मंडळी भरत होती, आणि आम्ही त्यांस मंडळीतून वजा करतो! समुद्र ओलांडून येतो तोच मिशनरी, असे नाही. ज्या कोपीत एक जोडपे प्रभूचे नाव घेते, तेथे मंडळी जाऊन पोहोचली आहे.

परंतु येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. फडातील बाई पहाटेच्या अंधारात उठते, चूल पेटविते, दिवसभर मोळ्या बांधून त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, आणि रात्री पुन्हा चूल तिचीच. तिच्या माथ्यावर आणखी एका ‘सेवेचा’ भारा ठेवणे हे ख्रिस्ताचे मन नव्हे. त्याने भारावलेल्यांस विसाव्यासाठी बोलाविले आहे. म्हणून त्या जोडप्याकडून कोपीत मावेल एवढेच मागावे : रात्री भाकरी खाण्यापूर्वी मुलांसह एक प्रार्थना, शेजारच्या कोपीत कोणी तापाने पडले असता तांब्याभर पाणी व चार धीराचे शब्द, वजनात किंवा हिशेबात खोटेपणा न करणे, आणि कोणी केला असता एकमेकांस धरून राहणे. नवऱ्याने चूल पेटविली, पाणी आणले, तर तीही उपासनाच समजावी. कारण शास्त्रातील दांपत्य काम वाटून घेणारे होते.

आणि मोठा वाटा गावी राहिलेल्यांनी उचलावा. जाण्यापूर्वीच्या रविवारी अशा सर्व जोडप्यांस मंडळीपुढे बोलावून, नावे घेऊन, प्रार्थनेने पाठवावे. परदेशी जाणाऱ्या मिशनऱ्यास त्याची मंडळी पाठवीत असे, तसेच. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या व शाळकरी मुलांच्या घरी आठवड्याचा एकेक वार वाटून घ्यावा. आता बहुतेकांजवळ मोबाईल असतो; रविवारी सायंकाळी वडिलांपैकी एकाने फोन करून क्षेमकुशल विचारावे व उपासनेचे वचन सांगावे. पाळक येवो वा न येवो, मंदिराचे दार उघडावे. ज्यास वाचता येते त्याने वाचावे, ज्यास गाता येते त्याने गावे. असे झाले म्हणजे पाळक येईल तेव्हा तो बंद दार उघडण्यास येणार नाही, चालू कामास बळ देण्यास येईल. हजेरीच्या वहीतही ‘गैरहजर’ हा शब्द खोडून ‘पाठविले’ असा लिहावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांनी अपुल्लोसास ज्या रीतीने शिकविले, त्या रीतीने आपल्या मंडळीत कोणास शिकविता येईल?
२. मिशन बंगल्याच्या आठवड्यातील कोणती कामे आता मंडळीने स्वतः करण्याजोगी आहेत? प्रत्येक कामापुढे एकेक नाव लिहा.
३. आपल्या मंडळीतील किती जोडपी दसऱ्यानंतर बाहेरगावी जातात? त्यांच्या मागे घरी कोण राहते, व त्यांस कोण भेटते?
४. घरातील स्त्रीचे कोणते काम आपण सेवा म्हणून कधीच मोजले नाही?

प्रार्थनेचे विषय : परमुलखी मजुरी करणारी जोडपी, त्यांची मुले व म्हातारे आईबाप, ज्या गावांस पाळक नाही ती गावे, आणि ज्यांनी पूर्वी दूर देशाहून येऊन या मातीत बी पेरले, त्यांच्याबद्दल देवाची उपकारस्तुती.

पुढील रविवारी हा धडा घेताना शेवटचे दोन प्रश्न आधी घ्यावे, आणि उत्तरे वहीत लिहून ठेवावी.