पोटावरची पिशवी आणि नमाज

गुदाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर आतील जोड भरून यावा म्हणून कधीकधी लहान आतड्याचा भाग पोटावर काढून तेथे पिशवी लावतात. ही तात्पुरती इलिऑस्टॉमी. सामान्यतः काही महिन्यांनी आतडे पुन्हा जोडले जाते. परंतु तोवर ‘मी पाक नाही’ या समजुतीने अनेक जण नमाज सोडून बसतात. ही समजूत चुकीची आहे.

माननीय फातिमा बिंत अबू हुबैश (र.) यांचा रक्तस्राव थांबत नसे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना त्या कारणाने नमाज सोडू दिली नाही, प्रत्येक नमाजसाठी वुजू करण्यास सांगितले. ‘माजूर’ व्यक्तीच्या नियमांचा हा मोठा आधार आहे. एका नमाजच्या संपूर्ण वेळेत वुजू करून फर्ज अदा करण्याइतकीही उसंत मिळाली नाही, की हनफी मताप्रमाणे मनुष्य माजूर ठरतो. पुढील प्रत्येक वेळेत तो स्राव एकदा तरी होत असेल, तर सवलत टिकते. एक वुजू त्या नमाजची वेळ संपेपर्यंत चालतो. शाफई मताप्रमाणे प्रत्येक फर्जसाठी, वेळ सुरू झाल्यावर, नवा वुजू करावा. नमाजपूर्वी पिशवी रिकामी करावी. सजदा करता येत नसेल तर इशाऱ्याने नमाज अदा करावी.

अनपेक्षित लक्षणे

मल पिशवीत जात असूनही शौचाची भावना होते, गुदद्वारातून पांढरा किंवा तपकिरी चिकट स्राव येतो, तेव्हा रुग्ण घाबरतो. वापरात नसलेले मोठे आतडेही श्लेष्म तयार करीत राहते. तोच बाहेर पडतो. शांतपणे शौचास बसावे, जोर करू नये. मात्र हा स्राव पिशवीच्या सवलतीत मोडत नाही. त्याने वुजू तुटतो, नवा करावा लागतो. रक्त, दुर्गंधीयुक्त पू, ताप किंवा वाढती वेदना असेल तर शल्यचिकित्सकांना दाखवावे.

पिशवीत काही तास काहीच न येणे, पोटात कळा आणि उलट्या ही आतडे अडल्याची चिन्हे आहेत. मक्याचे कणीस, खोबरे, शेंगदाणे नीट न चावता खाल्ल्यास असे घडू शकते. अशा वेळी कसबा बावड्यातील कुटुंबाने सकाळची वाट पाहू नये. सीपीआर रुग्णालय काही किलोमीटरवरच आहे.

रोजा

मोठे आतडे पाणी व क्षार शोषते. येथे ते काम थांबलेले असते. म्हणून शरीर लवकर कोरडे पडते. स्राव दिवसाला दीड-दोन लिटरवर गेला, लघवी कमी झाली, चक्कर आली तर केवळ साधे पाणी पुरत नाही. ओआरएस घ्यावे व डॉक्टरांना गाठावे. सूरह बकराच्या आयत 184 मध्ये आजारी माणसाला रोजे पुढे पूर्ण करण्याची मुभा आहे. डॉक्टरांनी मनाई केली असता हट्टाने रोजा ठेवणे ही परहेजगारी नव्हे. आतडे जोडल्यावर, प्रकृती सुधारल्यावर कजा करावी.

घरच्यांनी नाक मुरडू नये. पिशवी बदलताना हात द्यावा. आजाऱ्याची सेवा हीदेखील इबादतच आहे. अल्लाह सर्व रुग्णांना शिफा देवो. आमीन.