राऊटर घ्यायचाय? आधी घर बघा!

मित्रांनो, हॉस्टेलमध्ये वाय-फाय आयतं मिळतं, त्यामुळे राऊटर ही रेक्टर सरांची डोकेदुखी असं आपण समजतो. पण घरचं नेट बिघडलं की फोन आपल्यालाच येतो, "तू इंजिनिअरिंगला ना? मग सांग, कोणता घेऊ?" मलाही धुळ्याहून असाच फोन आला. घरी माणसं तीनच: आई, पप्पा आणि धाकटी बहीण. बहिणीची सीईटीची सराव परीक्षा दोनदा मध्येच तुटली होती. दुकानदाराचा सल्ला, "भाऊ, चार अँटेनावाला घ्या." मी म्हटलं, पप्पा, एक दिवस थांबा. त्या दिवसात फोनवरून जे तपासलं, ते तुमच्याही कामी येईल.

१) बिघाड नेमका कुठे?
फायबरमधला प्रकाश विजेच्या सिग्नलमध्ये बदलतो तो ओएनटी. पुढे घरभर नेट वाटतो तो राऊटर. बऱ्याच घरांत दोन्ही एकाच डब्यात असतात. त्यावर 'एलओएस'चा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच पोहोचत नाही. अशा वेळी लाईनमन हवा, नवा राऊटर नव्हे. दिवे ठीक असतील तर लॅपटॉप केबलने जोडा. केबलवर नेट नीट चाललं तर दोष वाय-फायचा. डबा कंपनीने दिलेला असेल तर बदलून मिळतो का, हेही आधी विचारा.

२) अ‍ॅडॉप्टरवर संशय घ्या
राऊटर आपोआप बंद-चालू होतो? अ‍ॅडॉप्टरमधला कपॅसिटर दमलेला असू शकतो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. नुसता मल्टिमीटर लावला तर १२ व्होल्ट दिसतात, पण लोड आला की व्होल्टेज घसरतं. नवा अ‍ॅडॉप्टर घेताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त आणि पिनचे प्लस-मायनस तेच हवेत.

३) भिंती मोजा
आमच्या घरी केबलवर नेट एकदम ठीक होतं. राऊटर पुढच्या खोलीत, बहीण मागच्या खोलीत आणि मध्ये जुन्या घराच्या दोन जाडजूड भिंती! ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण जाड भिंतीत तो २.४ पेक्षा लवकर मरतो. २.४ लांब जातो, पण शेजाऱ्यांच्या राऊटरांचीही तिथेच गर्दी. म्हणून दोन्ही बँडचा राऊटर घेतला, मधल्या खोलीत उंचावर लावला आणि बहिणीच्या टेबलापर्यंत सरळ केबल ओढली. परीक्षेसाठी केबलसारखा भरवसा नाही.

४) खोक्यावरचे आकडे
'एसी १२००' म्हणजे १२०० चा वेग नव्हे. ३०० आणि ८६७ अशी दोन बँडची कागदावरची बेरीज करून तो आकडा वर ढकललेला असतो. त्यापेक्षा पोर्ट बघा. १०० एमबीपीएसचा पोर्ट असेल तर २०० चा प्लॅन घेऊनही हाती साधारण ९५ च येतात. तिथे गिगाबिट पोर्टच हवा. डब्ल्यूपीए-३ ची सोय असेल तर उत्तम. जुन्या टेलिफोन तारेवरचा एडीएसएल मोडेम कोणी फुकट दिला तरी फायबरला उपयोग नाही.

५) आपलं ऊन, आपली वीज
बहुतेक घरगुती राऊटर ० ते ४० अंश तापमानासाठी बनवलेले असतात. आपल्या जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो! पत्र्याखालचा माळा आणि बंद कपाट ह्या दोन्ही जागा बाद. राहिली वीज. १२ व्होल्ट, १ अँपिअर म्हणजे जास्तीत जास्त १२ वॅट. एवढा भार छोटा डीसी यूपीएस सहज ओढतो. मात्र ओएनटी वेगळा असेल तर त्यालाही जोडा, नाहीतर लाईट गेल्यावर राऊटर जिवंत आणि नेट गायब!

खरेदीआधी एवढं करा: नेट कंपनीकडून लॉगिनचं यूजरनेम-पासवर्ड घ्या, प्लॅनचा वेग पाहा आणि घराचा साधा नकाशा काढून जाड भिंती, फ्रिज, लोखंडी कपाट त्यावर मांडा. तो कागद घेऊनच दुकानात जा. अँटेना किती, हा प्रश्न आपोआप मागे पडेल. आणि सुट्टीत घरी गेलात की स्टुलावर चढून जुन्या राऊटरला जरा हात लावून बघा. चटका बसला, तर आधी त्याची जागा बदला. खरेदीचं नंतर बघू!